नवे कार्ड आणि जुना संगणक

ग्राफिक्स कार्डाची नवी पिढी येणार, अशी वार्ता दर दोन-सव्वादोन वर्षांनी उठते. एन्व्हिडिया या अमेरिकन कंपनीच्या आरटीएक्स नावाच्या कार्डांची पहिली पिढी २०१८ च्या सप्टेंबरात विक्रीस आली, दुसरी २०२० च्या सप्टेंबरात, तिसरी २०२२ च्या ऑक्टोबरात आणि चौथी २०२५ च्या जानेवारीत. प्रत्येक वेळी वार्ता आणि वस्तू यांच्यामध्ये काही महिने गेले, आणि त्या महिन्यांत देशभरच्या असंख्य घरांतून एकच प्रश्न विचारला गेला : आहे त्या संगणकावर भागवावे, आज मिळते ते कार्ड घ्यावे, की येणाऱ्या कार्डाची वाट पाहावी?

रायपूरचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी माणसे छत्तीसगडात येऊन स्थिरावली. आज रायपुरातील मराठी घरांतून कोणी अभियांत्रिकी शिकत असतो, कोणी अ‍ॅनिमेशनची कामे घेत असते, कोणी लग्नसमारंभांच्या चित्रफिती संपादित करून उपजीविका करीत असतो. अशा घरात संगणक ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. ते विद्येचे आणि पोटाचे साधन झाले आहे. त्यात चाळीस-पन्नास हजार रुपये घालावयाचे म्हणजे कुटुंबाच्या कित्येक महिन्यांच्या शिलकेला हात घालणे होय. मुलगा म्हणतो, "बाबा, आणखी दोन महिने थांबू, नवे येते आहे." वडील म्हणतात, "अरे, दोन महिन्यांनी त्याहून नवे येईल, मग काय करशील?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, परंतु दोघेही बाजाराकडे पाहून बोलत आहेत. निर्णयाची खरी सुरुवात बाजारात होत नाही, घरातल्या संगणकापाशी होते, हे आज मला सांगावयाचे आहे.

प्रथम हे कार्ड करते तरी काय, ते पाहू. संगणकाच्या पडद्यावरचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी असते. सर्वसाधारण पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे एकंदर २०,७३,६०० ठिपके झाले. चित्र सुरळीत हलते आहे असे भासावे, म्हणून ही रांगोळी दर सेकंदास साठ वेळा पुसून नव्याने घालावी लागते. याचा हिशेब केला, तर एका सेकंदात बारा कोटी चव्वेचाळीस लाखांहून अधिक ठिपके रंगवावे लागतात. आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरविताना प्रकाश कोठून येतो, सावली कोठे पडते, पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत, याचे गणित करावे लागते. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या व्युत्पन्न शास्त्र्यासारखा असतो. अवघड कामे तो उत्तम करतो, पण एका वेळी मोजकीच. त्याच्या हाती लक्षावधी सोपी आणि एकसारखी कामे दिली, तर तो थकून जाईल. तेथे हजारो मदतनिसांचा ताफा हवा, आणि तो ताफा म्हणजेच ग्राफिक्स कार्ड. १९९९ साली एन्व्हिडियाने 'जीफोर्स २५६' हे कार्ड बाजारात आणले, तेव्हापासून 'जीपीयू' हे नाव रूढ झाले. पुढे २००७ च्या सुमारास हाच ताफा चित्रांखेरीज इतर गणितांसाठीही राबविण्याची सोय झाली, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या सर्व खटाटोपाचा पाया तेथे घातला गेला. कार्डाला स्वतःची स्मृती असते. तिला व्हीरॅम म्हणतात. रंगकाम करणाऱ्याने रंगाचे डबे हाताशी ठेवावेत, तशी ही स्मृती. डबे हाताशी मावले नाहीत तर प्रत्येक वेळी कोठारापर्यंत खेपा घालाव्या लागतात आणि सारा ताफा खोळंबून राहतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. अनेक भागांनी मिळून बनलेल्या यंत्रणेत एकच भाग सुधारला, तर संपूर्ण यंत्रणा किती सुधारते? या प्रश्नाचे एक उत्तम उत्तर रायपूरच्या लोहमार्गाच्या इतिहासातच सापडते. मुंबईकडून येणारा ब्रॉडगेज मार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला. पुढे १८८० नंतरच्या दशकाच्या आरंभी नागपुराहून पूर्वेस राजनांदगावपर्यंत जो छत्तीसगडचा मार्ग बांधला गेला, तो मात्र मीटरगेज होता. त्यामुळे छत्तीसगडचे धान्य राजनांदगावाहून निघाले, तरी नागपुरास प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागे. अशा मार्गावर अधिक वेगाचे इंजिन आणून काय साधले असते? पोती नागपुरास लवकर पोहोचली असती आणि तेथल्या फलाटावर अधिक काळ पडून राहिली असती, इतकेच. अडचण इंजिनाची नव्हती, सांध्याची होती. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग हाती घेतला आणि तो ब्रॉडगेज केला. नंतर तोच मार्ग पूर्वेकडे वाढत गेला. विशेष म्हणजे १९०० च्या सुमारास रायपूर ते धमतरी हा जो फाटा निघाला, तो पुन्हा नॅरोगेज निघाला. नागपूरचा सांधा सुटला आणि रायपुरास नवा सांधा बसला. यंत्रणेतील एक अडथळा दूर झाला की दुसरा पुढे येतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

संगणकातही असेच सांधे असतात. खेळातले एखादे दृश्य घ्या. चेंडू कोठे गेला, भिंत कोठे आहे, पात्राने पाऊल कोणत्या दिशेस टाकले, हे सर्व प्रोसेसर ठरवितो आणि मग रंगविण्याचे काम कार्डाकडे देतो. समजा, एका चित्राची ही पूर्वतयारी करण्यास प्रोसेसरला २० सहस्रांश सेकंद लागतात आणि ते रंगविण्यास कार्डाला १२. कार्ड एक चित्र रंगवीत असता प्रोसेसर पुढच्या चित्राची तयारी करीत असतो. तेव्हा दोघांत जो मंद, त्याच्याच गतीने चित्रे बाहेर पडणार. येथे ती गती सेकंदास ५० चित्रे इतकी येते. आता चाळीस हजार रुपये खर्चून दुप्पट वेगाचे कार्ड बसविले. रंगकाम ६ सहस्रांशांत होऊ लागले. चित्रे किती मिळाली? पन्नासच. उरलेला वेळ नवे कार्ड स्वस्थ बसून राहिले.

परंतु त्याच घरात मोठा, दाट ठिपक्यांचा पडदा आणला, तर हिशेब पालटतो. ज्याला फोर-के म्हणतात त्या पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके असतात, म्हणजे आधीच्या बरोबर चौपट. रंगकामास आता १२ च्या ऐवजी अजमासे ४८ सहस्रांश लागतील आणि चित्रे सेकंदास वीस-एकवीसवर येतील. अशा वेळी दुप्पट वेगाचे कार्ड घेतले, तर ती चाळीसच्या वर जातील आणि पैसे सार्थकी लागतील. कार्ड तेच, प्रोसेसर तोच. पडदा बदलला आणि उत्तर बदलले. म्हणून 'अमुक कार्ड घ्यावे का?' या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर असू शकत नाही.

जी कामे एकामागून एक होतात, त्यांचा हिशेब याहून थोडा वेगळा आहे, आणि तो जीन अ‍ॅम्डाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडून ठेवला आहे. एका लग्नाची चित्रफीत तयार करण्यास १०० मिनिटे लागतात असे धरा. त्यांपैकी ६० मिनिटे कार्डाच्या कामाची आणि ४० मिनिटे डिस्कवरून वाचणे, लिहिणे व प्रोसेसरची इतर कामे यांची. कार्डाचा वेग दुप्पट केला तर ६० ची ३० होतील, पण ४० ची ४०च राहतील, एकूण ७०. आणि कार्ड कल्पनेपलीकडे वेगवान असले, त्याचे काम क्षणार्धात झाले, तरीही ४० मिनिटे ही लागणारच. ज्या भागाला आपण हात लावला नाही, तो आपल्या सुधारणेची मर्यादा ठरवितो. हे सूत्र संगणकापुरतेच खरे नाही, हे सांगावयास नको.

मग आपल्या संगणकाचा सांधा कोठे आहे, हे ओळखावे कसे? त्यासाठी दुकानदाराकडे जाण्याची गरज नाही. विंडोज प्रणालीत टास्क मॅनेजर नावाची सोय आहे. नेहमीचे काम चालू असताना तेथे पाहावे. कार्डाचा आकडा सतत शंभर टक्क्यांच्या जवळ असेल, तर कार्ड हाच अडथळा होय. कार्ड साठ टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि प्रोसेसर घायकुतीला आलेला असेल, तर दोष प्रोसेसरचा समजावा. रॅम पूर्ण भरली असून डिस्क अखंड धडपडत असेल, तर उपाय रॅम वाढविण्याचा आहे. दुसरी परीक्षा खेळणाऱ्यांसाठी : पडद्याची ठिपकेसंख्या तात्पुरती कमी करून पाहावी. चित्रांची गती वाढली तर कार्ड कमी पडत होते. काहीच फरक पडला नाही तर प्रोसेसर. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि ती कित्येक हजार रुपये वाचवू शकते. ज्या संगणकात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, तेथे थोड्या खर्चात एसएसडी बसविल्याने जो फरक जाणवतो, तो महागडे कार्ड बसवूनही पुष्कळदा जाणवत नाही. ज्या विद्यार्थ्याला कृत्रिम बुद्धिमत्तेचे केवळ प्राथमिक प्रयोग करावयाचे आहेत, त्याला तर कार्ड विकत घेण्यापूर्वी गूगलच्या कोलॅबसारख्या सेवेत मर्यादित प्रमाणात विनामूल्य काम करून पाहता येते. गरज सिद्ध झाली, मग खर्च.

रायपूरसारख्या शहरात आणखी एका गोष्टीचा विचार अगत्याने केला पाहिजे, आणि तो म्हणजे उष्णतेचा. मे महिन्यात तेथे पारा सहज ४३-४४ अंशांवर जातो. कार्ड कितीही उत्तम असले तरी त्याचे पंखे खोलीतलीच हवा त्याच्यावर सोडतात. एखादे कार्ड भोवतालच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी अधिक तापते असे धरले, तर २५ अंशांच्या खोलीत ते ७० अंशांवर राहील आणि ४० अंशांच्या खोलीत ८५ वर जाईल. एका मर्यादेनंतर कार्ड आपल्या जिवासाठी आपणहून गती कमी करते. त्यात शहरालगत उरला आणि सिलतरा येथे लोखंड-पोलादाचे कारखाने. हवेतली धूळ कार्डाच्या पत्र्यांमध्ये आणि पंख्यांवर बसते आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. 'संगणक जुना झाला' म्हणून जी तक्रार ऐकू येते, तिच्यापैकी काही भाग केवळ धुळीचा असतो. म्हणून पहिली सुधारणा फुकटातली : कॅबिनेट उघडून ते नीट स्वच्छ करावे, प्रोसेसरवरचा वाळून गेलेला थर्मल पेस्ट बदलून घ्यावा, कॅबिनेट भिंतीला चिकटले असेल तर पुढे ओढावे. त्यानंतरच त्याच्या वयाविषयी मत बनवावे.

विजेचेही तसेच. २०२२ मधील सर्वांत मोठ्या आरटीएक्स ४०९० या कार्डाची भूक ४५० वॉट होती; २०२५ मधील ५०९० ची ५७५ वॉट झाली. सामान्य माणूस ही कार्डे घेत नाही हे खरे. पण मधल्या प्रतीचे ५०७० हे कार्डदेखील २५० वॉट घेते, आणि त्याच पिढीतले लहान ५०६० हे १४५ वॉट. आपल्याकडे ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो विजेचा डबा पुष्कळ वेळा सर्वांत स्वस्त घेतलेला असतो. नवे कार्ड त्याला पेलले नाही, तर ऐन कामाच्या वेळी संगणक बंद पडतो. तेव्हा कार्डाच्या किमतीत चांगल्या एसएमपीएसची किंमत आधीच धरावी. शिवाय जेवढी वीज कार्ड घेते, तेवढी सर्व अखेर उष्णतेच्या रूपाने खोलीतच येते. ३०० वॉटचे कार्ड रोज पाच तास पूर्ण शक्तीने चालले, तर महिन्यास ४५ युनिट वीज जाते, आणि उन्हाळ्यात ती उष्णता खोलीबाहेर काढण्यास कूलरला किंवा एसीला अधिक राबावे लागते ते वेगळेच.

आता वाट पाहण्याविषयी. घोषणा ऐकताना शब्दांचा अर्थ नीट लावण्याची सवय हवी. २०२५ च्या जानेवारीत एन्व्हिडियाच्या प्रमुखांनी सांगितले की, ५४९ डॉलरचे नवे ५०७० हे कार्ड आधीच्या पिढीतील १,५९९ डॉलरच्या ४०९० इतके काम देईल. हे विधान ज्या जोरावर केले होते, तो म्हणजे दोन खऱ्या चित्रांच्या मधली तीन चित्रे कार्डाने अदमासाने भरून काढण्याची युक्ती. तिने हालचाल अधिक सफाईदार दिसते हे खरे. परंतु बटण दाबल्यावर पात्र किती लवकर हलते, हे खऱ्या चित्रांवरच अवलंबून राहते. आणि स्मृतीचे काय? ४०९० ला २४ जीबी, ५०७० ला १२. ज्याच्या कामाला वीस जीबी स्मृती हवी, त्याला ही युक्ती काय कामाची? त्याआधी २०२२ मध्ये तर याच कंपनीने ४०८० या एकाच नावाखाली दोन भिन्न ताकदीची कार्डे जाहीर केली. टीका झाल्यावर त्यांतले १२ जीबीचे कार्ड विक्रीस येण्यापूर्वीच मागे घेतले आणि २०२३ च्या जानेवारीत ते ४०७० टीआय या नावाने व कमी किमतीत आणले. नावावरच्या आकड्यावर विसंबून जे खरेदीचे बेत आखतात, त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

जाहीर झालेली किंमत आणि बाजारातली किंमत यांतही अंतर असते. २०२० च्या सप्टेंबरात नवी पिढी जाहीर होताच पुष्कळांनी आपली जुनी कार्डे पडत्या भावात विकून टाकली. पुढे टाळेबंदीच्या काळातील मागणी, चिपांचा तुटवडा आणि आभासी चलनाचे उत्खनन यांमुळे नवी कार्डे दुर्मिळ झाली आणि जुन्यांचेही भाव चढले. ईथेरियम या चलनाने २०२२ च्या सप्टेंबरात कार्डांवरचे उत्खनन बंद केले, तोवर बराच काळ लोटला होता. २०२५ च्या अखेरीस दुसरेच निमित्त झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी स्मृतीच्या चिपांची एवढी मागणी केली की, घरगुती रॅमचे भाव भराभर वाढले. मायक्रॉन या मोठ्या उत्पादकाने त्या डिसेंबरात आपला 'क्रूशियल' हा घरगुती ग्राहकांसाठीचा व्यवसाय सोडून देत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी मे महिन्यात नवा रायपूर येथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली होती. अशी केंद्रे जगभर उभी राहत आहेत; त्यांची मागणी आणि रायपुरातील विद्यार्थ्याच्या संगणकाची किंमत ही एकाच बाजारपेठेची दोन टोके आहेत. 'थांबले की स्वस्त मिळते' हा जुना नियम म्हणून आंधळेपणाने लावता येत नाही.

तर मग थांबण्याचे मोल कसे काढावे? एक साधा हिशेब सांगतो. चाळीस हजारांचे कार्ड चार वर्षे वापरले, तर ते महिन्यास सुमारे ८३३ रुपयांना पडते. त्याच्यावाचून आपले काम अडत असेल आणि त्या अडण्याने महिन्याला याहून अधिक नुकसान होत असेल, मग ते पैशाचे असो वा अभ्यासाचे, तर थांबण्यात शहाणपण नाही. चालू कार्डावर काम भागत असेल, तर मात्र थांबण्यास काहीच खर्च लागत नाही. नव्याची तारीख जाहीर झाली असेल आणि ती महिन्या-दीड महिन्यावर असेल, तर तेवढा धीर धरावा. नवे आल्यावर त्याची निष्पक्ष परीक्षणे वाचावीत आणि आधीच्या पिढीतले कार्ड उतरलेल्या भावात मिळते का, तेही पाहावे. केवळ कुजबुज असेल, तारीख नसेल, तर ती नाहीच असे धरून चालावे. आणि कार्ड घ्यावयाचे ठरले तरी आपल्या मदरबोर्डाची जागा तपासावी. नवी कार्डे जुन्या खाचेत बसतात. पण ५०६० सारखी काही लहान कार्डे माहितीच्या वाहतुकीसाठी सोळांऐवजी आठच मार्गिका वापरतात, आणि जुन्या पिढीच्या मदरबोर्डावर त्यांची गती काही कामांत कमी पडते. पुन्हा तोच सांध्याचा प्रश्न.

जुन्या कार्डाचाही विचार याच हिशेबात यावा. धाकट्या भावंडाच्या संगणकात ते आणखी तीन-चार वर्षे सहज सेवा करू शकते. विकावयाचे असल्यास नवे हाती आल्यानंतर विकावे, घोषणा ऐकून नव्हे. अगदीच निकामी झाले, तर ते भंगाराच्या गाडीवर न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे, कारण त्यात तांब्यासारखे उपयुक्त धातू असतात, तशीच माती-पाण्यात मिसळू नयेत अशी द्रव्येही असतात.

छत्तीसगडच्या त्या मार्गावर सुधारणेचा पैसा इंजिनावर न जाता रुळांच्या रुंदीवर गेला, म्हणून पोती उतरविण्या-चढविण्याची यातायात थांबली. कोणता भाग बदलावा हे त्या मार्गावर माल कोठे खोळंबतो यावरून ठरले. घरातल्या संगणकापाशी बसलेल्या मुलाने आणि त्याच्या वडिलांनीही एखाद्या संध्याकाळी हेच करावे : नेहमीचे काम सुरू करावे, टास्क मॅनेजर उघडावा आणि अडते कोठे ते दोघांनी मिळून कागदावर लिहून काढावे. पुष्कळदा त्या कागदावर नव्या कार्डाचे नाव येणारच नाही. आणि आले, तर ते निःशंकपणे घ्यावे. मग त्याच्या पुढची पिढी केव्हा येते आहे, याची चौकशी काही वर्षे करण्याचे कारण उरत नाही.